फूड फोटोशूटचे पैसे दिले, पण फोटो कोणाचे? इमेज लायसन्सिंग सोप्या भाषेत

क्लाउड किचन असो, कॅफे असो, मिसळीचं दुकान असो की घरगुती दिवाळी फराळ, धंदा सुरू केला की एक खर्च हमखास येतो: फूड फोटोशूट. शूटच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष प्लेटवर, लाइटवर आणि वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीवर असतं. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या ‘युसेज’ या ओळीकडे कोणी बघत नाही. पुढे दुसरी शाखा निघते, होर्डिंग लावायचं ठरतं, आणि मग त्याच ओळीवरून वाद सुरू होतो.

या लेखात आपण ती एक ओळ नीट समजून घेणार आहोत. फोटो काढून घेणाऱ्याला ती उपयोगी आहेच, पण कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन फूड फोटोग्राफी करणाऱ्यांनाही ती तितकीच महत्त्वाची आहे. का, ते पुढे कळेलच.

## फाइल वेगळी, हक्क वेगळा

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. फोटो तुमच्या गॅलरीत किंवा ड्राइव्हवर आहे, म्हणजे तो तुमच्या मालकीचा आहे असं नाही. पुस्तक विकत घेतलं म्हणून ते छापून विकण्याचा हक्क मिळत नाही, तसंच हे आहे. फाइल ही एक वस्तू आणि त्या फोटोच्या प्रती काढणं, तो छापणं, लोकांपुढे मांडणं हा वेगळा हक्क. या हक्काला कॉपीराइट म्हणतात.

उलट बाजूही खरी आहे. रॉ फाइल फोटोग्राफरकडेच राहिल्या म्हणून कॉपीराइट त्याचाच, असंही नाही. रॉ फाइल मिळणार की नाही आणि हक्क कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही स्वतंत्रपणे विचारायचे.

कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागत नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या नावावर तयार होतो.

## भारतातला नियम काय सांगतो?

आपल्याकडे यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ आहे. त्यातलं कलम १७ या लेखाचा गाभा आहे. सोप्या मराठीत चार प्रसंग बघू.

१. तुम्ही सांगितलं, पैसे दिले, बाकी काही ठरलं नाही. फोटो तुमच्या सांगण्यावरून आणि मोबदला देऊन काढला असेल, तर कॉपीराइटचे पहिले मालक तुम्ही. फोटोग्राफर त्या फोटोचा ‘कर्ता’ राहतो, पण मालकी तुमची. पैसे देऊन शूट करून घेतलेल्या व्हिडिओलाही हाच नियम आहे. (रीलमागच्या गाण्याचे हक्क मात्र वेगळे असतात.)

२. तुम्ही सांगितलं, पैसे दिले, पण करारात उलट लिहिलं आहे. नियमातच ‘उलट करार नसेल तर’ अशी अट आहे. कोटेशनमध्ये ‘कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, ग्राहकाला फक्त सोशल मीडियासाठी वापराचं लायसन्स’ असं असेल आणि तुम्ही ‘ओके, कन्फर्म’ लिहून अ‍ॅडव्हान्स पाठवला, तर मग तीच अट लागू धरली जाईल.

३. फोटो पगारी माणसाने काढला. तुमच्याकडे नोकरीला असलेल्या सोशल मीडियाच्या मुलीने कामाचा भाग म्हणून फोटो काढले, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक नोकरी देणारा.

४. फोटो फुकट किंवा स्वतःहून काढला. चुलतभावाने हौसेने काढून दिले, किंवा एखाद्या फूड ब्लॉगरने येऊन आपल्या पेजसाठी काढले. इथे तुम्ही मोबदला दिलेला नाही. मालक तोच, ज्याने फोटो काढला.

‘जेवण आमच्याकडून, फोटो तुमच्याकडून’ असा व्यवहार असेल तर दोन ओळी लिहूनच घ्या. अशा व्यवहारात दोन्ही बाजू आपल्या सोयीचा अर्थ लावतात.

आता एक महत्त्वाची सूचना. यूट्यूबवर या विषयावरचे बरेच व्हिडिओ अमेरिका किंवा ब्रिटनमधले असतात. त्यात ‘काही लिहिलं नसेल तर मालक फोटोग्राफर’ असं सांगतात, आणि त्यांच्याकडच्या फ्रीलान्स फोटोग्राफरपुरतं ते साधारण बरोबरही असतं. ब्रिटनमध्ये पूर्वी आपल्यासारखाच नियम होता, तो त्यांनी १९८८ च्या कायद्याने बदलला. आपल्याकडे तो तसाच आहे. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावू नका.

थोडक्यात, भारतात दोघंही गप्प बसले तर फायदा पैसे देणाऱ्याचा होतो. कोटेशनमध्ये ओळ आली तर फायदा बहुतेक वेळा ती लिहिणाऱ्याचा होतो. म्हणून ती ओळ दोघांनी वाचायची असते.

## लायसन्स म्हणजे भाडेकरार

फोटोग्राफरने कॉपीराइट स्वतःकडे ठेवला म्हणजे त्याने तुम्हाला फसवलं असं मुळीच नाही. व्यावसायिक फोटोग्राफीत ही सर्रास चालणारी पद्धत आहे. तुम्ही फ्लॅट विकत घेण्याऐवजी भाड्याने घेता, तसं फोटो विकत घेण्याऐवजी वापरायला घेता. भाडं कमी असतं, पण अटी असतात. त्या अटी म्हणजे लायसन्स.

कोणतंही लायसन्स वाचताना मी पाच प्रश्न विचारतो:

- कुठे वापरायचं? इन्स्टाग्राम, डिलिव्हरी अ‍ॅप, मेन्यू कार्ड, पॅकिंगचा डबा, होर्डिंग, पेपरातली जाहिरात. प्रत्येक वापर वेगळा धरला जाऊ शकतो.
- किती काळ? एक वर्ष, तीन वर्षं की कायमचं?
- कुठल्या भागात? फक्त महाराष्ट्र, भारतभर की जगभर?
- फक्त मलाच की आणखी कोणाला? ‘एक्सक्लुझिव्ह’ नसेल तर फोटोग्राफर तोच फोटो दुसऱ्यालाही देऊ शकतो. तुमच्या थालीपिठाचा फोटो समोरच्या हॉटेलच्या बोर्डावर दिसू शकतो.
- कोणाकोणाला पुढे देता येईल? फ्रँचायझी, जाहिरात एजन्सी, मसाले पुरवणारी कंपनी, यांना तुम्ही तो फोटो वापरायला देऊ शकता का?

यापैकी काही लिहायचं राहिलं तर कायदा रिकाम्या जागा भरतो, आणि तिथेच खरी मेख आहे. हक्क लिहून देण्याविषयीचे कलम १९ चे नियम कलम ३०अ मुळे लायसन्सलाही लागू होतात. त्यानुसार:

- मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.
- प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो.
- मिळालेला हक्क १ वर्षात वापरलाच नाही, तर तो संपला असं मानलं जातं. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी.

तिसरा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. तुम्ही होर्डिंगच्या वापराचेही पैसे भरले, पण बजेट नव्हतं म्हणून दीड वर्ष होर्डिंग लावलंच नाही. करारात काही लिहिलं नसेल तर तेवढ्या वापराचा हक्क हातातून गेलेला असू शकतो. उपाय सोपा आहे. ‘एक वर्षात वापर केला नाही तरी हक्क कायम राहील’ हे वाक्य करारात घालून घ्या.

## एक हिशेब करून बघू

समजा, पुण्यात एका मिसळीच्या दुकानाने १५ पदार्थांचं शूट केलं. फोटोग्राफरने ३०,००० रुपये घेतले. कोटेशनमध्ये लिहिलं होतं: ‘वापर: सोशल मीडिया आणि डिलिव्हरी अ‍ॅप, १ वर्ष, भारत. कॉपीराइट फोटोग्राफरकडे.’ (आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.)

पहिले सहा महिने सगळं छान चाललं. मग दुकानाने काय काय केलं बघा:

1. त्याच फोटोंचं मेन्यू कार्ड छापलं. लायसन्सबाहेर, कारण छपाई त्यात नव्हती.
2. नाशिकला फ्रँचायझी दिली आणि तिच्या मालकाला फोटोंचं फोल्डर पाठवलं. लायसन्सबाहेर, कारण फोटो दुसऱ्याला द्यायची परवानगी नव्हती.
3. मिसळ मसाल्याची पाकिटं काढून दुबईला विक्री सुरू केली, पाकिटावर तोच फोटो. दोनदा लायसन्सबाहेर: पॅकिंगही नव्हतं आणि प्रदेशही फक्त भारत होता.
4. तेराव्या महिन्यात इन्स्टाग्रामवर जुना फोटो परत टाकला. मुदत संपली होती.

दुकानदाराने यातलं काहीही वाईट हेतूने केलेलं नाही. ‘पैसे दिलेत ना’ एवढ्याच समजुतीवर तो चालला. पण आता फोटोग्राफरने जादा पैसे मागितले तर मागणी चुकीची ठरणार नाही. आणि त्या वेळी पाकिटं छापून झालेली असतात, म्हणजे घासाघीस करायला तुमच्या हातात काही उरत नाही.

हेच शूटच्या आधी बोलला असतात तर? ‘मेन्यू, पॅकिंग आणि फ्रँचायझीसह ५ वर्षांचे किती?’ असं विचारता आलं असतं. किंवा ‘पंधरापैकी चार मुख्य पदार्थांचे पूर्ण हक्क द्या, बाकीचे फक्त सोशल मीडियासाठी’ असा मधला मार्ग निघाला असता. सगळ्या फोटोंचे सगळे हक्क घेण्याची गरज क्वचितच असते. ताकाच्या ग्लासचा फोटो कोणी होर्डिंगवर लावत नाही.

## शूट न करता मिळालेले फोटो

मोबाइलवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ग्राहकाने टॅग केलेला फोटो: त्याने काढला, मालक तो. स्टोरी शेअर करण्याचं बटण अ‍ॅपने दिलंय, ते वापरा. पण तोच फोटो डाउनलोड करून बॅनर छापायचा असेल तर त्याला मेसेज करून लेखी परवानगी घ्या. ‘क्रेडिट दिलं’ म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

डिलिव्हरी अ‍ॅपने काढून दिलेले फोटो: अ‍ॅपने आपला फोटोग्राफर पाठवला असेल, तर काम कोणी सांगितलं, पैसे कोणी दिले आणि अटी काय होत्या यावर मालकी ठरते. ते फोटो दुसऱ्या अ‍ॅपवर चढवण्याआधी अटी वाचा.

गूगलवरून उचललेले फोटो: सर्चमध्ये दिसला म्हणजे वापरायला मोकळा, असं नाही. काही फोटोंवर ‘लायसन्स उपलब्ध’ अशा अर्थाची खूण दिसते. गूगलने ही सोय २०२० मध्ये आणली. तिथून मालक आणि अटी शोधता येतात.

स्टॉक फोटो: ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ‘एडिटोरियल’ असं लिहिलेला फोटो जाहिरातीत चालत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्स: ‘सीसी बाय’ असेल तर नाव देऊन धंद्यासाठीही वापरता येतो. ‘एनसी’ ही अक्षरं असतील तर व्यावसायिक वापर नाही, आणि हॉटेलचं पेज हा व्यावसायिकच वापर. ‘एनडी’ असेल तर फोटो बदलून पुढे द्यायचा नाही.

## इन्स्टाग्रामवर टाकला की फोटो त्यांचा होतो का?

नाही. मालकी तुमची तशीच राहते. पण अकाउंट उघडताना आपण इन्स्टाग्रामला एक लायसन्स देतो. ते जगभरासाठी असतं, बिनपैशाचं असतं, आणि त्यांना ते पुढेही देता येतं.

आता याची साखळी बघा. अपलोड करताना ‘हे देण्याचा हक्क माझ्याकडे आहे’ असं तुम्ही मान्य करता. तुमच्याकडे स्वतःलाच छोटं लायसन्स असेल, तर तुम्ही पुढे काय देणार? म्हणून फोटोग्राफरच्या लायसन्समध्ये ‘सोशल मीडिया आणि त्या प्लॅटफॉर्मच्या अटींनुसार वापर’ असे शब्द असलेले बरे.

कॉपीराइटची तक्रार आली तर प्लॅटफॉर्म पोस्ट काढतो, आणि वारंवार तक्रारी आल्या तर अकाउंटही बंद होऊ शकतं. ज्याच्या ऑर्डर इन्स्टाग्रामवरच येतात त्याच्यासाठी ते शटर पडण्यासारखंच आहे. कायद्यातही जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. शिवाय नुकसानभरपाईचा दावा वेगळा.

## एडिटिंग, एआय आणि फोटोग्राफरचं नाव

कॉपीराइट विकत घेतला तरी कर्त्याचे काही हक्क त्याच्याकडेच राहतात. कलम ५७ नुसार तो ‘हे काम माझं आहे’ असं सांगू शकतो, आणि त्याच्या नावलौकिकाला धक्का बसेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेऊ शकतो. क्रॉप करणं, किमतीचं लेबल लावणं यावर सहसा वाद होत नाही. पण भडक फिल्टर मारून खाली त्याचं नाव ठेवलं, तर तो नाराज होणारच.

एआय अ‍ॅपमध्ये फोटो टाकून पार्श्वभूमी बदलणं आता दोन सेकंदांचं काम आहे. म्हणूनच ‘एआयने बदल करायची परवानगी आहे की नाही’ हेही आता करारात लिहा. पदार्थच बदलून टाकू नका. फोटोत सहा कोळंब्या आणि डब्यात दोन, हा कॉपीराइटचा प्रश्न नाही, पण ग्राहकाची फसवणूक आहे.

## तुम्ही स्वतः फोटोग्राफर असाल तर

वरचा पहिला प्रसंग पुन्हा वाचा. पैसे घेऊन काम केलं आणि काहीच लिहिलं नाही, तर कॉपीराइट ग्राहकाचा. मग तेच फोटो आपल्या पोर्टफोलिओमध्ये टाकायलाही त्याची परवानगी लागेल. त्यामुळे ‘हक्क माझ्याकडे’ किंवा निदान ‘पोर्टफोलिओसाठी वापरण्याची परवानगी’ ही ओळ कामाच्या आधी घाला, बिलावर नंतर नव्हे. काम झाल्यावर एकतर्फी लिहिलेल्या अटीला समोरच्याने होकार दिला होता, हे दाखवणं अवघड जातं.

## मोबाइलवरून करायच्या चार गोष्टी

1. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली कॉपीराइटची माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट किंवा ड्राइव्हची लिंक वापरा.
2. एक फोल्डर करा. त्यात कोटेशन, होकाराचा मेसेज, बिल आणि मूळ फाइल एकत्र ठेवा.
3. फोल्डरच्या नावातच मुदत लिहा. उदाहरणार्थ, ‘मिसळ, फक्त सोशल, मार्च २०२८ पर्यंत’. फोल्डर कोणाच्याही हातात गेलं तरी चूक होणार नाही.
4. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीचा. नूतनीकरणाची बोलणी तेव्हाच सोपी असतात.

## हा मेसेज कॉपी करा

कोटेशन आल्यावर अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी हे विचारा:

> ‘नमस्कार, कोटेशन मिळालं. कन्फर्म करण्याआधी एवढं लेखी कळवाल का? कॉपीराइट कोणाकडे राहील? मला फोटो सोशल मीडिया, डिलिव्हरी अ‍ॅप, मेन्यू आणि पॅकिंगसाठी हवे आहेत. किती वर्षं आणि कुठल्या भागात वापरता येतील? हेच फोटो तुम्ही दुसऱ्या कोणाला देणार का? फ्रँचायझीला देता येतील का? पूर्ण हक्क घ्यायचे असतील तर किती होतील? पोर्टफोलिओसाठी तुम्ही वापरायला माझी हरकत नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. तुम्हाला काही खर्च येत नाही आणि समोरच्याला कामाची गोष्ट मिळते. बोलणी तिथून पुढे मोकळी होतात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार चालतो का?
पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो, म्हणून चॅट डिलीट करू नका. पण फोटोग्राफरकडे असलेला कॉपीराइट कायमचा तुमच्या नावावर करून घ्यायचा असेल, तर त्याची सही असलेला लेखी कागदच लागतो.

बिल माझ्या नावावर आहे, ते पुरेसं आहे का?
बिलावरून पैसे दिल्याचं सिद्ध होतं. अटी कोटेशन किंवा करारात असतात. दोन्ही जपा.

एजन्सीने फोटोग्राफर आणला असेल तर?
मग काम सांगणारी एजन्सी ठरू शकते. ‘सर्व हक्क अंतिम ग्राहकाला मिळतील’ हे एजन्सीच्या करारात लिहून घ्या, नाहीतर एजन्सी बदलताना फोटो अडकतात.

फोटोवरचा हक्क किती वर्षं टिकतो?
कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे ‘जुना फोटो आहे, चालतो’ ही समजूत सोडून द्या.

वकील लागतो का?
मी वकील नाही, आणि १५ पदार्थांच्या शूटसाठी वरचा मेसेज पुष्कळ झाला. पण पॅकिंग, फ्रँचायझी किंवा निर्यात असेल, तर छपाईला देण्याआधी करार एकदा वकिलाला दाखवा. त्याची फी पाकिटं पुन्हा छापण्यापेक्षा कमीच असते.